सुभेदारांची फर्स्ट परेड

आमच्या घरात दीड वर्ष कुणी गजर लावला नाही. सकाळी बरोब्बर सहाला खालून ठोके यायचे. लाकडी हातोडीचे, टायरवर पडणारे. पुढच्या चाकांचे दोन, मागच्या जोडचाकांचे चार आणि शेवटचा, जरा बसक्या आवाजाचा, स्टेपनीचा. सात ठोके झाले की मी उठायचे आणि माझी मुलगी कूस बदलून म्हणायची, "यार मम्मा, अंकलची गाडी कुठे जाणारच नाहीये, तर रोज चेक कशाला करतात?"

प्रश्न बिनतोड होता. मी तो एकदा सुभेदारांना विचारलासुद्धा. त्यांनी हातोडी काखेत धरली आणि म्हणाले, "मॅडम, गाडी जाणार की नाही ते वरचे ठरवणार. ती तयार आहे की नाही ते मी ठरवणार." वरचे म्हणजे कोण, हे विचारायचं मला सुचलं नाही. तेव्हा सगळंच वरून ठरत होतं.

रिटायर्ड सुभेदार तुकाराम घाडगे मूळचे साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. अठ्ठावीस वर्षं सैन्यात गाड्या चालवल्या. दिल्लीतल्या मयूर विहारमधला आमच्या खालचा फ्लॅट त्यांच्या मुलाचा. मुलगा नोएडात नोकरीला होता, तो बंगलोरला गेला आणि आईवडील फ्लॅट राखायला राहिले. काटक अंगकाठी, पांढरी मिशी आणि कमरेला कायम पट्टा. पट्टा पायजम्यावरसुद्धा. एकदा मी त्या पट्ट्याकडे जरा जास्त वेळ बघितलं तर म्हणाले, "पट्टा नसला की माणूस सुट्टीवर आहे असं वाटतं."

ते कुणाच्याही गाडीचा आवाज ऐकून मालकाचा स्वभाव सांगायचे. माझ्या छोट्या गाडीबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "ही गाडी फक्त धुतली जाते," असं ते माझ्या तोंडावर म्हणाले होते, आणि ते खरं होतं. सरकारी नोकरीत अनुवादक असल्यामुळे मला बोलणी खायची सवय आहे, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

त्यांची गाडी मात्र बघण्यासारखी होती. नोएडातल्या एका कंपनीची, कामगारांना ने-आण करणारी बारा सीटांची जुनी डिझेल व्हॅन. सुभेदारांनी ती घेतली, सगळ्या सीटा काढल्या आणि दीड वर्ष पार्किंगमध्ये बसून तिचं घर केलं. आत दोघांपुरता पलंग, पलंगाखाली ट्रंकांसाठी जागा, दोन बर्नरची शेगडी, इवलंसं सिंक, पाण्याची टाकी, वर पंखा. पडदे काकूंच्या जुन्या इरकलीचे. आतला रंग पक्का फौजी हिरवा. हा रंग बाहेरून लावायला साध्या नागरिकाला परवानगी नाही, म्हणून बाहेरून गाडी पांढरी ठेवली होती. सोसायटीतली मुलं तिला 'चलता-फिरता घर' म्हणायची. सुभेदार म्हणायचे 'व्हेईकल'. कुणी 'बस' म्हटलं तर ते उत्तरच द्यायचे नाहीत.

ही सगळी खटपट कशासाठी, ते मला शालनकाकूंनी सांगितलं. शालनकाकू म्हणजे सुभेदारांची बायको. ठेंगण्या, गोऱ्या, हसताना तोंडावर पदर घेणाऱ्या. आम्ही दोघी मेथी निवडत होतो.

"नवरा ड्रायव्हर," काकू म्हणाल्या, "लेहपासून तेजपूरपर्यंत गाड्या घेऊन फिरला. पण सैन्याच्या गाडीत बायकोला कसं बसवणार? मी आपली काळ्या ट्रंका घेऊन रेल्वेनं, पोराला कडेवर घेऊन. चौतीस वर्षं झाली लग्नाला, एकदासुद्धा मी त्यांच्या शेजारी बसले नाही बघ."

मग सुभेदारांनी शब्द दिला होता. रिटायर झालो की तुला शेजारी बसवून, रस्त्यानं, गावापर्यंत नेईन. पण रिटायर झाल्यावर मुलाचं शिक्षण निघालं, मग त्याचं लग्न, मग सुनेचं बाळंतपण, आणि शब्द तसाच राहिला. आता व्हॅन तयार होती, पण तिच्यापुढे एक तारीख उभी होती. दिल्लीत आणि आसपास डिझेलच्या गाडीला दहा वर्षांचं आयुष्य. त्यानंतर ती कितीही ठणठणीत असो, रस्त्यावर दिसली की उचलायची आणि भंगारात घालायची. सुभेदारांच्या व्हॅनची दहा वर्षं पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर भरत होती. तिला साताऱ्याच्या नावावर करायचे कागद त्यांनी जमवले होते. गाडी त्या तारखेच्या आत स्वतःच्या चाकांवर निघून गेली, की सुटली. आणि गाडीबरोबर तेही कायमचे जाणार होते. "गाडी जिथं, ड्रायव्हर तिथं," असं त्यांचं साधं गणित होतं.

निघायचं ठरलं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. काकूंनी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, गाडीला हळदकुंकू लावलं. आणि दोन दिवस आधी सगळा देश बंद झाला.

ठरल्या दिवशी सकाळी मी बाल्कनीतून पाहिलं तर दोघं गाडीतच होती. मागचं दार उघडं, शेगडीवर चहा, आणि पलंगावर बसून दोघं दशम्या खात होती. मला बघून सुभेदारांनी खालून आवाज दिला, "मॅडम, पहिला मुक्काम!"

इथून त्यांची खरी ड्युटी सुरू झाली. सैन्यात रोज सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी ती तपासतात. तेल, पाणी, हवा, बॅटरी, ब्रेक. तिला फर्स्ट परेड म्हणतात. सुभेदारांनी उभ्या गाडीची फर्स्ट परेड एक दिवस चुकवली नाही. उंदीर वायरी कुरतडायला लागले तर बॉनेटखाली तंबाखूची पानं बांधली. टाकीतल्या पाण्याला शेवाळ धरलं तर स्वतः आत हात घालून टाकी घासली. माझी गाडी दीड महिना उभी राहून मेली होती, तिचीही बॅटरी त्यांनी जिवंत केली आणि वर मला पाऊण तास झापलं. त्यांच्याकडे एक डायरी होती. त्यात रोजची नोंद: कुठून, जागेवरून. कुठे, जागेवर. किलोमीटर, शून्य. खाली सही.

सही त्यांची नव्हे, काकूंची. सैन्यात ऑफिसरनं सही केलेली ड्युटी स्लिप हातात असल्याशिवाय ड्रायव्हर चाक हलवत नाही. अठ्ठावीस वर्षांची ही सवय सुटेना, म्हणून सुभेदारांनी घरातच ऑफिसर नेमला होता. ते कागदाचा चिटोरा घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहायचे, "साहेब, सही." काकू पिठाच्या हातानं सही करायच्या. डायरीची पानं त्यामुळे कडक झाली होती.

गाडी उभी राहिली की टायर एकाच जागी दबून बसतात, म्हणून आठवड्यातून एकदा ती सहा फूट पुढे आणि सहा फूट मागे घ्यायची. इथे आणखी एक नियम आडवा आला. सैन्यात मोठी गाडी मागे घेताना मागे गाइड उभा हवाच, हात दाखवणारा. गाइडशिवाय रिव्हर्स म्हणजे गुन्हा. आता माणसं दोन. काकूंना मागे उभं केलं तर त्या गाडी जवळ आली की तोंडावर पदर घेऊन पळायच्या. दोनदा पळाल्या. तेव्हा सुभेदार स्वतः गाइड झाले आणि काकूंना स्टिअरिंगवर बसवलं.

दर रविवारी अकरा वाजता हा कार्यक्रम. काकू उशीवर बसून, जीभ दातात धरून, फर्स्ट गिअर. सहा फूट पुढे. मग रिव्हर्स. मागे सुभेदार दोन्ही हात वर करून, "आने दो, आने दो, आने दो... बस!" सगळी सोसायटी बाल्कन्यांमधून बघायची. दुसरं काही बघण्यासारखं नव्हतंच.

या सगळ्यावर एकच माणूस नाराज होता, सोसायटीचे सेक्रेटरी खन्नाजी. गाडीनं दीड पार्किंग अडवलंय, अशी त्यांची तक्रार. "सुभेदारसाब, ये बस कब हटेगी?" असं ते रोज विचारायचे. 'बस' म्हटल्यामुळे सुभेदार रोज गप्प राहायचे. तीन नोटिसा झाल्या. सुभेदारांनी तिन्ही गाडीच्या कपाटात नीट लावून ठेवल्या.

आणि सप्टेंबरात खन्नाजींनाच कोरोना झाला. सौम्य होता, पण घरात म्हातारी आई आणि एकच बाथरूम. माणूस कुठे ठेवायचा? खन्नाजींची बायको रडवेली होऊन काकूंकडे आली. सुभेदार पट्टा आवळत उठले. "व्हेईकल तयार आहे," एवढंच बोलले.

खन्नाजी चौदा दिवस त्या व्हॅनमध्ये राहिले. सुभेदारांनी फक्त एक अट घातली. गाडीत राहील त्यानं गाडीचं काम करायचं. मग रोज सकाळी खिडकीच्या काचेअलीकडे सुभेदार आणि पलीकडे मास्क लावलेले खन्नाजी. "ऑइल गेज?" "ठीक है जी." "बॅटरी?" "बारा पॉइंट छह जी." "आवाज नही आया!" "बारा पॉइंट छह, सर!" पंधराव्या दिवशी खन्नाजी बाहेर आले ते गाडीच्या चाकाला हात लावून. त्या दिवसापासून ते तिला व्हेईकल म्हणायला लागले, आणि चौथी नोटीस आली नाही.

थंडीत जरा मोकळं झालं तेव्हा जायला हवं होतं. पण सुनेला पुन्हा दिवस गेले होते, काकू बंगलोरला अडकल्या, आणि त्यांना शेजारी घेतल्याशिवाय सुभेदार निघणार नव्हते. "एकटा तर आयुष्यभर गेलो," म्हणाले. काकू एप्रिलमध्ये परतल्या, आणि त्याच महिन्यात ती दुसरी लाट आली.

त्या दिवसांबद्दल मला फार लिहायचं नाही. सुभेदारांना ताप आला. हॉस्पिटलमध्ये जागा नव्हती. ते स्वतःहून बॅग घेऊन व्हॅनमध्ये गेले आणि आतून दार लावून घेतलं. खन्नाजींनी कुठून कुठून एक ऑक्सिजनचा सिलिंडर आणला, तो पलंगाशेजारी बांधला. डॉक्टर फोनवर. काकू दिवसभर खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसायच्या. मी रोज डबा द्यायला जायचे. मला तो माणूस फार हवा होता, हे मला तेव्हा कळलं.

पहिल्या सकाळी सहाला ठोके आले नाहीत. मी अंथरुणात उठून बसले. सहा वाजून दहा मिनिटांनी पहिला ठोका आला, जरा हलका. मग दुसरा. बाल्कनीत जाऊन बघते तर काकू वाकून टायरवर हातोडी मारत होत्या, आणि आतून काचेवर बोटानं सुभेदार मोजत होते. सातवा विसरल्या तर आतून काच वाजली. काकूंनी जाऊन स्टेपनी ठोकली. सतरा दिवस असेच गेले, आणि सुभेदार स्वतःच्या पायांनी बाहेर आले.

बरे झाले, पण फुप्फुसं कमजोर झाली होती. दोन जिने चढले की बसायचे. डॉक्टरांनी बजावलं, वर्षअखेरपर्यंत गाडी चालवायची नाही, नाव काढायचं नाही. आणि ऑक्टोबर पाच महिन्यांवर होता.

सगळ्यांनी उपाय सुचवले. मी म्हटलं, ड्रायव्हर ठेवा. ते म्हणाले, "तिच्या शेजारी मी बसायचं, तिथं भाड्यानं आणलेला माणूस बसवू?" खन्नाजी म्हणाले, ट्रकवर चढवून पाठवू. ते म्हणाले, "माझं व्हेईकल कुणाच्या पाठीवर बसून घरी जाणार नाही." मुलगा येतो म्हणाला, पण त्याला फक्त बिनगिअरची गाडी येत होती. हे ऐकून सुभेदारांना जेवढं दुःख झालं तेवढं आजारातही झालं नव्हतं. शेवटी एके दिवशी मला म्हणाले, "मॅडम, भंगारवाल्याचा नंबर मिळाला तर बघा." पट्टा बांधलेला नव्हता. मी मान हलवली आणि घरी येऊन रडले.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या. दार लावून घेतलं. "तुझी गाडी चालते ना?"

"चालते की. का?"

"मला शिकव. पुढं-मागं येतंय मला, मधलं शिकव."

मी काय बोलणार? लर्निंग लायसन्स काढलं. सुभेदारांना सांगितलं की काकू माझ्याबरोबर भाजीला जातात. पहिल्या दिवशी काकूंनी माझी गाडी झोकात सुरू केली, फर्स्ट टाकला आणि आम्ही निघालो. एक किलोमीटर गेलो तरी फर्स्टच. इंजिन केकाटतंय, मागे हॉर्नांचा नुसता कल्ला.

"काकू, सेकंड टाका."

"सेकंड कशाला? सपाट तर आहे."

मला समजेना. मग उलगडलं. वर्षभर सहा फूट पुढे-मागे केल्यामुळे काकूंची पक्की समजूत झाली होती की गाडीला खरे गिअर दोनच, एक जायचा आणि एक यायचा. बाकीचे डोंगरासाठी. "हे लेहला जायचे ना, तिकडं लागत असतील," काकू म्हणाल्या. मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि दोघी पोट धरून हसलो.

पण बाई जिद्दीची. ऑगस्टपर्यंत रविवारच्या रिकाम्या रस्त्यांवरून आम्ही पार दिल्लीच्या मध्यावरच्या कस्तुरबा गांधी मार्गापर्यंत जाऊन यायला लागलो, चौथ्या गिअरमध्ये. परीक्षेच्या दिवशी इन्स्पेक्टरनं विचारलं, "माताजी, इस उमर में गाडी सीखके कहाँ जाना है?" काकू म्हणाल्या, "सातारा." लायसन्स हातात पडलं तेव्हा त्यांनी ते पदराला पुसून ब्लाउजमध्ये ठेवलं.

घटस्थापनेच्या सकाळी काकूंनी घट बसवले, नैवेद्य दाखवला आणि सुभेदारांसमोर एक कागद ठेवला. मी प्रसादाला गेले होते, म्हणून हे मला दिसलं. ड्युटी स्लिप होती. ड्रायव्हर: शालन घाडगे. कुठून: मयूर विहार. कुठे: गाव. तारीख: दसरा. ऑफिसरच्या सहीची जागा मोकळी. वर लायसन्स ठेवलेलं.

सुभेदारांनी चष्मा लावला. लायसन्स उलटसुलट करून बघितलं.

"भाजी," ते माझ्याकडे बघून म्हणाले.

मी खाली बघितलं.

"मी तुला शेजारी बसवणार होतो," ते काकूंना म्हणाले.

"मग बसणारच आहे की मी शेजारी," काकू म्हणाल्या. "तुम्ही डावीकडं बसा, मी उजवीकडं बसते. शेजार तोच. आणि दसऱ्याला सीमा ओलांडायची असते, कागदावर सही करा."

सुभेदारांनी डोळे पुसले. मग उठून आत गेले आणि पट्टा बांधून आले. "फर्स्ट परेड झाली?" त्यांनी विचारलं.

"सहालाच झाली. तुम्ही झोपला होता."

त्यांनी सही केली.

गाडीचे इन्शुरन्सचे कागद दसऱ्याच्या आदल्या दिवशी यायचे होते, तोवर ती रस्त्यावर काढता येईना. म्हणून नऊ दिवस सुभेदारांनी बंद गाडीत काकूंचा अभ्यास घेतला. दोघं पुढे बसलेली, इंजिन बंद, आणि सुभेदार ओरडतायत, "चढ आला! सेकंड! ट्रक समोर! थर्ड नको, थर्ड नको!" दिवसाला चारच तास चालवायची, उजेडात, मग मुक्काम, असं ठरलं. काळजी एकाच गोष्टीची होती. इंजिन चालू असताना दीड वर्ष त्या गाडीत फर्स्ट आणि रिव्हर्सशिवाय काही पडलंच नव्हतं. सगळी गाडी तपासणाऱ्या माणसाचं एवढं एकच राहून गेलं होतं. "सेकंड जड जाईल," सुभेदार मला हळूच म्हणाले. "चालू गाडीत पडला तर पडला."

दसऱ्याला सकाळी साडेसातला सगळी सोसायटी खाली होती. गाडीला झेंडूचं तोरण. खन्नाजींनी गेट स्वतः उघडलं आणि सॅल्यूट ठोकला, चुकीच्या हातानं. काकू उशीवर बसल्या. सुभेदार डावीकडे चढले. बसल्यावर त्या माणसाला हातांचं काय करावं कळेना. एकदा मांडीवर ठेवले, एकदा डॅशबोर्डवर, आणि शेवटी त्यांनी डावा हात खिडकीबाहेर काढला.

"मॅडम," मला म्हणाले, "तुमची गाडी नुसती धुऊ नका."

मी मान हलवली.

गाडी गेटबाहेर पडली. फर्स्टमध्ये. गल्लीतून ती केकाटत चालली, आणि आम्ही सगळे रस्त्यावर येऊन उभे राहिलो. खिडकीबाहेर सुभेदारांचा हात हलत होता, गाइडचा, आने दो, आने दो. कोपरा जवळ आला. इंजिन तसंच ओरडत होतं. खन्नाजी पुटपुटले, "माताजी, सेकंड... माताजी..." तेवढ्यात कचकन आवाज आला, गाडीला एक गचका बसला, हात हवेत थांबला. आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली उतरला, शांत झाला. सेकंड पडला होता.

सुभेदारांनी हात आत घेतला. कोपऱ्यावर गाडी वळली तेव्हा मला काचेतून दोघं दिसली. काकू समोर बघत होत्या. सुभेदार रस्त्याकडे बघतच नव्हते, ते शेजारी बघत होते.